आईच्या औषधांचा हिशेब

आषाढातील सरींनी तापीचे पाणी गढूळ होऊ लागले, की आम्हां पगारदारांच्या घरी आयकराच्या विवरणपत्राची लगबग सुरू होते. गेल्या आषाढात आमच्या ओसरीवरही पावत्यांचा ढीग पडला होता. इंदूरहून धाकटे बंधू आले होते. मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा आरोग्य विमा नाही. वर्षभरात त्यांच्या औषधोपचारास ६२,००० रुपये लागले होते.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० डी प्रमाणे, साठी गाठलेल्या व विमा नसलेल्या आईवडिलांच्या औषधोपचाराचा खर्च मुलाला आपल्या उत्पन्नातून ५०,००० रुपयांपर्यंत वजा करता येतो. विमा असेल तर त्याच्या हप्त्याची वजावट मिळते. आईवडील साठीच्या आतले असतील तर ती मर्यादा २५,००० ची. स्वतःच्या, पत्नीच्या व अवलंबून असलेल्या मुलांच्या विम्याची मर्यादा याहून वेगळी धरतात.

बंधू म्हणाले, "दादा, आपण दोघेही पन्नास-पन्नास हजार लिहू. पावत्या जोडायच्या थोड्याच आहेत!"

आम्ही क्षणभर गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्यात माजघरातून मातोश्रींचा आवाज आला, "अरे, मी लाखाची आजारी पडले तरी कधी?"

मग निमूटपणे हिशेब मांडला. बंधूंनी बँकेमार्फत २०,००० दिले होते. आमचे ४२,०००, परंतु त्यांतील ३०,००० आम्ही औषधाच्या दुकानी रोख मोजलेले. रोखीने दिलेला पैसा या कलमात धरला जात नाही. अपवाद फक्त प्रतिबंधक आरोग्य तपासणीचा, आणि तोही एकूण मर्यादेतच ५,००० रुपयांपर्यंत. बंधूंनी २०,००० लिहिले, आम्ही १२,०००. ज्याने जेवढे दिले, तेवढेच त्याचे.

वाचकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. म्हणून दोन्हींचा कर मांडून पाहावा आणि जुनी हितकर ठरल्यास मुदतीच्या आत विवरणपत्र भरून ती निवडावी. मुदत टळली, की पगारदाराच्या हातून ती निवड जाते. दुसरे असे, की २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरावयाचे.

पावत्या विवरणपत्रासोबत जोडाव्या लागत नाहीत, हे बंधूंचे म्हणणे खरे; पण विचारणा झाली तर त्या दाखवाव्या लागतात. आम्ही आता औषधांचे पैसे बँकेतूनच देतो आणि पावत्या मातोश्रींच्या पेटीत ठेवतो. तेथे त्या सुरक्षित असतात, आणि आम्हीही.