परत फिरण्याची वेळ

डोंगर चढण्यास धैर्य लागते, हे सर्वजण मान्य करतात. परंतु त्यास आदल्या रात्री केलेला हिशेबही लागतो, हे थोड्यांच्याच ध्यानात येते. अंतर, चढ आणि वेळ यांची आकडेमोड करीत बसणे हे भित्र्याचे काम, खरा साहसी मनात येताच निघतो, असा समज पुष्कळांचा असतो. हा समज चुकीचा आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन पर्वतरांगांतून एक प्रसिद्ध पाऊलवाट जाते. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. जॉर्जिया राज्यात सुरू होऊन, चौदा राज्ये ओलांडून, सुमारे ३,५०० किलोमीटरांची ही वाट मेन राज्यातील कटाडिन पर्वताच्या माथ्यावर संपते. सारी वाट चालण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून अनेकजण तिचा एखादा टप्पाच एका दिवसात चालून येतात. कटाडिनचा टप्पा त्यांतील अतिशय कठीण टप्प्यांपैकी एक होय.

कटाडिनची उंची सुमारे १,६०५ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातील कळसूबाईहून किंचित कमीच. मग यात अवघड ते काय, असे एखाद्यास वाटेल. त्याचे उत्तर हिशेबच देतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाऊन येण्याचे अंतर सुमारे १७ किलोमीटर असून चढ सुमारे १,२८० मीटर आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला: पाच किलोमीटर चालीस एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. त्याप्रमाणे ही चाल साडेपाच तासांची ठरते. परंतु ठोकताळ्याला वाटेवरील खडक दिसत नाहीत. झाडी संपल्यावर येथे प्रचंड शिळांवरून, काही ठिकाणी रोवलेल्या लोखंडी गजांना धरून, हातापायांनी चढावे लागते. उतरतानाही वेग येत नाही. म्हणून आठ ते बारा तास हाताशी ठेवावे लागतात.

एवढे कळले की बाकीच्या गोष्टी ओघानेच ठरतात. पहाटेस निघावे, भरपूर पाणी, शिदोरी, उबदार कपडे आणि विजेरी बरोबर घ्यावी, कोठे जातो व केव्हा परतू हे कोणास तरी सांगून ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. माथा समोर दिसू लागला की थकलेल्या मनाला मागे वळणे सुचत नाही.

जुलै १९३९ मध्ये डॉन फेंडलर हा बारा वर्षांचा मुलगा याच माथ्याजवळ ढगांत सापडला. सोबत्याला सोडून तो एकटाच वडिलांकडे माघारी निघाला आणि वाट चुकला. ओढ्याच्या काठाने चालत राहावे, हे त्यास ठाऊक होते. त्या बळावर नवव्या दिवशी तो माणसांत पोहोचला. त्याचे धैर्य थोर खरे. परंतु एकमेकांना न सोडण्याचा साधा नियम पाळला असता, तर त्या धैर्याची कसोटी लागली नसती.

सारे आधीच ठरविल्यावर आनंद तो काय उरला, असे कोणी विचारील. पण योजना वेळ ठरविते, दृश्य ठरवीत नाही. उलट, परतीची काळजी मिटलेला माणूसच मोकळ्या मनाने सभोवार पाहू शकतो.

प्रसिद्ध लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४६ मध्ये कटाडिनवर गेले. ढग हटेनात, तेव्हा मुख्य शिखर न गाठताच ते परतले. त्या अपुऱ्या चढाईचे त्यांनी केलेले वर्णन लोक आजही वाचतात आणि माथ्याखालील पठारावरच्या एका झऱ्याला त्यांचे नाव आहे. त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. शिखर आज हुकले तरी उद्या तेथेच असते. तेथे पुन्हा जाण्यासाठी माणूस मात्र सुखरूप घरी परतला पाहिजे.