शुद्धिपत्राची सोय नाही

नव्या दूरचित्रवाणी संचाला पेन ड्राइव्ह जोडला. त्यातील फोल्डरचे नाव ‘कविता’. पडद्यावर मात्र ‘व’ची वेलांटी ‘त’च्या डोक्यावर जाऊन बसली होती; शेजारच्या नावांतील जोडाक्षरे पाय मोडून विखुरलेली.

युनिकोडमध्ये आधी व्यंजन आणि मग वेलांटी साठवली जाते. दाखवताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे आणणे हे यंत्रातील आज्ञावलीचे काम. देवनागरी युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा हे अज्ञान नव्हे, अनास्था आहे.

पुस्तकात मुद्रणदोष राहिला तर शुद्धिपत्र जोडता येते. वाचक पेन्सिलीनेही दुरुस्ती करतो. फर्मवेअरला असा समास नसतो. उत्पादकाने नवी आवृत्ती दिली तरच सुटका. तक्रार केली तेव्हा ‘नावे इंग्रजीत द्या’ असा सल्ला मिळाला. दोषापेक्षा हा सल्ला अधिक खुपतो. आपण तो निमूटपणे पाळतो आणि यंत्राचे अपुरेपण भाषेच्या माथी मारले जाते.

संच घेताना आपण चित्र पाहतो, आवाज ऐकतो. भाषेच्या अध्यापकांनी तरी दुकानातच त्याला ‘कविता’ दाखवायला सांगावे.