सूळ म्हणजे काय?

गंगाखेडच्या जनाबाईची कथा आमच्या सेलूकडे घरोघरीं सांगतात. विठ्ठलाचें पदक चोरल्याचा आळ तिजवर आला, तिला सुळावर देण्याचें ठरलें, आणि सुळाचें पाणी झालें. येथें मूल विचारतें, "सूळ म्हणजे काय?" वडील मंडळी बहुधा विषय पालटतात. पण मग कोणतें संकट टळलें हें मुलास कळावें कसें?

आमच्या मतें सात-आठ वर्षांच्या बालकास 'जीव घेण्याची ती एक क्रूर रीत होती' एवढें पुरे. बारा वर्षांपुढील मुलास मात्र स्पष्ट सांगावें. सूळ म्हणजे जमिनींत रोंवलेला अणकुचीदार खांब. त्यावर मनुष्यास विंधीत. रोमन लोक वधस्तंभावर हातपाय खिळीत किंवा बांधीत. मरण येण्यास कित्येक तास, कधीं दिवसही लागत. इ. स. पूर्वीं ७१ मध्यें बंड करणारे सुमारें ६,००० गुलाम त्यांनीं कापुआ ते रोम या हमरस्त्यावर असे टांगले. पाहणारांस धाक बसावा, हाच हेतु.

येशू ख्रिस्ताचें मरणही याच रीतीचें. वर्णन वेदनेपाशीं थांबवूं नये. जनाबाई काय, ख्रिस्त काय, भक्तांच्या दृष्टीनें दोघेंही निरपराध, हें अवश्य सांगावें. मुलास भय नव्हे, अन्यायाची चीड यावी.