लोहाराचा अर्ज

गावचा लोहारच पलटणीत गेला, तर घोड्यांना नाल कोण ठोकणार? १९१६ साली इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांत हा प्रश्न रीतसर सुनावणीला येत असे. त्या वर्षीच्या जानेवारीत तिकडे सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. आधी १८ ते ४१ वयाचे अविवाहित आणि मे महिन्यात विवाहितही त्याच्या तावडीत आले. पण त्याच कायद्यात सूट मागण्याचीही सोय होती. गावोगाव मंडळे बसली. लोहार, मेंढपाळ, नांगरणीचा गडी, नाहीतर त्याचा मालक अर्ज घेऊन उभा राही. ऐकायला गावचीच प्रतिष्ठित मंडळी, आणि शेजारी लष्कराचा प्रतिनिधी. त्याला प्रत्येक अर्जदार धडधाकटच दिसायचा! न्याय सर्वांना मिळाला असे मुळीच नाही. कुणाला कापणीपुरती सवलत, कुणाला सरळ नकार. तरी ‘माझ्यावाचून गावाचे अडेल’ हे म्हणायला एक जागा होती.

हिंदुस्थानातल्या माणसावर असा कायदा नव्हता. भरती म्हणे स्वखुशीची. ती किती खुशीची होती ते मयूरभंज संस्थानात दिसले. फ्रान्सला धाडायच्या मजूर पलटणींसाठी माणसे गोळा करू लागताच १९१७ साली तिथले आदिवासी उठले. अर्ज करायचा तरी कुणाकडे?

आणि आमच्या चांद्याच्या रानात (चंद्रपूर आणि गडचिरोली १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता) बोलावण्याला युद्धही लागत नसे. वनग्रामात झोपडी आणि कसायला तुकडा मिळे तो एका बोलीवर : जंगलखाते सांगेल तेव्हा कामाला यायचे. जाळरेषा साफ करा, लाकूड तोडा, ओढा. मजुरी मिळे, पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. पेरणी तोंडावर आली असली तरी ते ज्याला सांगायचे तोच बोलावणारा! जमीनदारांच्या गावांत तर वेठच.

१९५० साली राज्यघटनेच्या २३व्या कलमाने बिगार बंद केली. पुढच्याच वर्षी या भागातली जमीनदारीही गेली. वनग्रामांना महसुली गावांचा दर्जा मागण्याचा हक्क मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत थांबला. आता दावा आधी गावच्याच ग्रामसभेपुढे येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याने.