नावापुरते राजेपण

कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात, औराद किंवा भालकी तालुक्यातील मराठी घरात लोखंडी पेटीच्या तळाशी जमिनीचा कागद घडी घालून ठेवलेला असतो. त्याला इकडे पहाणी म्हणतात. पहाणी कन्नडात. घरातली पत्रे, देवाच्या पोथ्या, लग्नाच्या पत्रिका मराठीत. त्याआधी, निजामाच्या काळात, सरकारी कागद उर्दूत निघत. राज्य बदलले, लिपी बदलली, तरी शेत कसणाऱ्याला स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागला. आता नातू शाळेत कन्नड शिकतो, म्हणून तो वाचून दाखवतो आणि आजी मान हलवते. मालकी आहे, पण आपलेपण नाही, ही भावना सीमाभागातील माणसाला नवी नाही. युरोपातील मतदार कडव्या उजव्या पक्षांकडे का वळतो, हे समजून घ्यायला बीदर-कलबुर्गीइतकी जवळची जागा मराठी वाचकाला दुसरी सापडणार नाही.

आधी युरोपचे चित्र पाहू. १ सप्टेंबर २०२४ रोजी जर्मनीच्या थुरिंगिया राज्यात ‘एएफडी’ हा पक्ष ३२.८ टक्के मते घेऊन पहिला आला. महायुद्धानंतर त्या देशात कडव्या उजव्या पक्षाने राज्याच्या निवडणुकीत पहिला क्रमांक मिळवण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या फेब्रुवारीत देशपातळीवर त्याला २०.८ टक्के मते पडली. त्याच २०२४ मध्ये फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांचा पक्ष युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ३१ टक्क्यांवर पोहोचला आणि ऑस्ट्रियात ‘फ्रीडम पार्टी’ पहिली आली. इटलीत जॉर्जिया मेलोनी यांचा पक्ष २०१८ मध्ये चार टक्क्यांवर होता. चार वर्षांनी तो २६ टक्क्यांवर गेला आणि मेलोनी पंतप्रधान झाल्या.

कारण विचारले की एकच उत्तर मिळते: बाहेरून आलेले लोक. ते खोटे नाही. २०१५ साली एकट्या जर्मनीत नऊ लाखांच्या आसपास निर्वासित आले आणि ‘एएफडी’च्या वाढीला तिथूनच वेग आला. पण हा पक्ष सर्वांत बळकट कुठे आहे? परदेशी लोकांची वस्ती देशात सर्वांत विरळ आहे, त्या पूर्व जर्मनीत. जून २०२३ मध्ये झोनेबर्ग या छोट्या जिल्ह्याने ‘एएफडी’चा पहिला जिल्हाप्रमुख निवडून दिला. १९९० च्या एकीकरणानंतर या भागातले सरकारी कारखाने विकले गेले किंवा बंद पडले, शिकलेली मुले पश्चिमेकडे निघून गेली, मागे राहिलेल्यांना आपण दुय्यम नागरिक आहोत असे वाटू लागले. फ्रान्सच्या उत्तरेकडील एनँ-बोमाँ या गावाची गोष्टही अशीच. कोळशाच्या खाणी मिटल्या, २००३ मध्ये शेजारचा शिसे-जस्ताचा मोठा कारखाना बंद झाला, आणि २०१४ मध्ये पिढ्यान् पिढ्या समाजवाद्यांना मत देणाऱ्या या गावाने ल पेन यांच्या पक्षाचा महापौर पहिल्याच फेरीत निवडला.

या माणसांना भाकरी हवी होती, पण केवळ भाकरी नव्हे. आपण या देशाचे मालक आहोत, असे कोणीतरी पुन्हा म्हणावे, हेही त्यांना हवे होते. ते म्हणणारा भेटला की आर्थिक धोरणाचा जाहीरनामा फारसा कोणी उघडून पाहत नाही.

बीदर-कलबुर्गी ज्यात होते, त्या हैदराबाद संस्थानाने हे फार आधी पाहिले आहे. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीनने पुढे बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली ‘अनल मलिक’ची घोषणा दिली. मीच राजा, असा तिचा अर्थ. संस्थानातला प्रत्येक मुसलमान राजसत्तेचा वाटेकरी आहे, ही त्यामागची मांडणी. जहागिरी, वाडे, वरच्या हुद्द्यांच्या जागा मूठभरांच्या हातात होत्या. टांगा हाकणाऱ्याला किंवा हातमागावर बसणाऱ्याला त्यातले काहीच मिळणार नव्हते. राजेपण मात्र मिळत होते, तेही फुकट. १९४६ मध्ये लातूरचा वकील कासीम रझवी संघटनेचा प्रमुख झाला आणि या राजेपणाच्या हातात शस्त्र आले.

पुढचे बीदर जिल्ह्याला सांगावे लागत नाही. मे १९४८ मध्ये आजच्या बसवकल्याण तालुक्यातील गोरटा गावावर रझवीच्या सशस्त्र रझाकारांनी हल्ला केला. सुमारे दोनशे माणसे मारली गेली, असे सांगितले जाते. २२ ऑगस्टला ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत हत्या झाली. ते मुसलमान होते. संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहीत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. ज्याला राजेपण दिले जाते, त्याने प्रश्न विचारायचे नसतात, हे त्या खुनाने सांगितले. वृत्तपत्राच्या धंद्यातील माणसाने हे नाव विसरू नये.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडले, ते आपल्याकडे हलक्या आवाजात बोलले जाते. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर फिरून पाहणी केली. सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून तिने चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), बीदर आणि नांदेड. सूड म्हणून मारले गेलेले लोक बहुतांशी मुसलमान होते. समितीचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे. रझवीच्या सभेला कधीही न गेलेले विणकर आणि शेतमजूर रझवीच्या नावाने मेले. अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात राहिला.

गोरट्याच्या मृतांचे स्मारक व्हायलाच हवे होते. २६ मार्च २०२३ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते तिथे हुतात्मा स्मारकाचे उद्घाटन झाले आणि १०३ फूट उंच ध्वज फडकला. विधानसभेचे मतदान १० मे रोजी होते. आठवण निवडणुकीच्या तोंडावर निघते तेव्हा ती अर्धीच निघते, ही खरी अडचण आहे. गोरटा व्यासपीठावर येतो. सप्टेंबरनंतरची गावे येत नाहीत. थुरिंगियातील ‘एएफडी’चे नेते ब्यर्न होके यांनी २०१७ मध्ये जर्मनीने स्मरणाच्या राजकारणात पूर्ण उलटे वळण घ्यावे, अशी मागणी केली, तीही आपल्या वाट्याचा इतिहास निवडून घेण्यासाठीच.

भाजपला युरोपातील या पक्षांच्या पंगतीला बसवून मोकळे होणे मात्र आळसाचे ठरेल. इथे त्या पक्षाला लिंगायत समाजाची जुनी साथ आहे, गावपातळीवरची संघटना आहे. शिवाय या भागावर अनेक वर्षे काँग्रेसची पकड होती. कलबुर्गीने वीरेंद्र पाटील आणि धरमसिंग असे दोन मुख्यमंत्री दिले, मल्लिकार्जुन खर्गे दिल्लीत मंत्री झाले. तरी २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ७५ टक्क्यांवर असताना कलबुर्गी जिल्हा ६५ टक्क्यांपर्यंतही पोहोचला नव्हता. मागासलेपण मान्य करून ३७१-जे कलम संसदेने मंजूर केले, तेही २०१२ मध्ये. तांड्यांवरचे लोक आजही मुंबई, पुणे, हैदराबादच्या बांधकामांवर जातात. मागे म्हातारी माणसे आणि कुलूप राहते. २०२२ च्या हंगामात मर रोगाने कलबुर्गीची तूर उभ्या शेतात वाळली. २०१९ मध्ये खुद्द खर्गे सुमारे ९५ हजार मतांनी पडले, ते या जमिनीवर.

मराठी मतदाराला काय मिळाले, हे बसवकल्याणच्या पोटनिवडणुकीत दिसले. नोव्हेंबर २०२० मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा विकास मंडळ आणि त्यासाठी ५० कोटी रुपये जाहीर केले. मतदारसंघात मराठा मते मोठी आहेत, हे सर्वांना ठाऊक होते. कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला राज्य बंदची हाक दिली. एप्रिलमध्ये मतदान झाले आणि भाजपचे शरणू सलगर सुमारे वीस हजार मतांनी जिंकले. मराठ्याला वाटले, आपले नाव सरकारी कागदावर आले. बेंगळुरूतल्या कन्नडिगाला वाटले, आपल्या घरात दुसऱ्याला पाट मांडला. पहाणी कन्नडातच राहिली. मराठी शाळांतील शिक्षकांच्या रिकाम्या जागांची तक्रार जुनी आहे, ती कोणाच्याही भाषणाचा विषय झाली नाही.

आळंदचे उदाहरण मराठी माणसाच्या काळजाला आणखी जवळचे आहे. तिथे लाडले मशाइक यांच्या दर्ग्याच्या आवारात राघव चैतन्य यांची समाधी मानली जाते. तुकोबांची गुरुपरंपरा राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी अशी सांगितली जाते. म्हणजे वारकऱ्यांच्या गुरुघराचे मूळ एका दर्ग्याच्या अंगणात आहे, आणि शतकानुशतके दोन्ही धर्मांचे लोक त्या उंबऱ्यावर चपला काढत आले. १ मार्च २०२२ रोजी, महाशिवरात्रीला, तिथल्या शिवलिंगाच्या पूजेवरून दगडफेक झाली, धरपकड झाली, प्रकरण कोर्टात गेले. पूजा करण्याचा हक्क मागणे गैर नाही. पण पूजेला मोर्चाचे रूप आले की शेजाऱ्याला ती पूजा वाटत नाही, चढाई वाटते. आणि दगड उचलला की त्या भीतीचे समर्थनही संपते.

तरीही मतदार द्वेषाला कायमचा बांधला गेला, असे म्हणता येत नाही, आणि त्याला धर्मवेडा ठरवून मोकळे होणाऱ्या शहरी विद्वानांनी हे आकडे नीट पाहावेत. बीदर जिल्ह्यातील सहा जागांपैकी २०१८ मध्ये भाजपकडे एकच होती. २०२३ मध्ये राज्यभर काँग्रेसची लाट असताना इथे चार आल्या. त्याच निवडणुकीत दर्ग्याचा वाद ताजा असलेल्या आळंदने काँग्रेसचे बी. आर. पाटील निवडले. वर्षभरात बीदर लोकसभेत काँग्रेसचे सागर खंड्रे यांनी केंद्रीय राज्यमंत्री भगवंत खुबा यांना सव्वा लाखाहून अधिक मतांनी हरवले. नेदरलँड्समध्येही गेर्ट विल्डर्स यांच्या कडव्या उजव्या पक्षाच्या जागा २०२३ मध्ये ३७ होत्या, दोन वर्षांत २६ वर आल्या. सत्तेत बसून त्यांना घरांच्या टंचाईवर उपाय देता आला नव्हता.

मतदार हिशेब मागतो. मागायला त्याला जवळचे माणूस मात्र हवे. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका शेवटच्या झाल्या २०१६ मध्ये. मुदत २०२१ मध्ये संपली; प्रभागरचना, आरक्षण आणि कोर्ट यांत त्यानंतरची वर्षे गेली. भाजपचे सरकार गेले, काँग्रेसचे आले, कारभार अधिकाऱ्यांकडेच राहिला. शाळेत मराठीचा शिक्षक नाही, बोअरला पाणी नाही, पहाणीत नाव चुकले, हे घेऊन औरादचा शेतकरी ज्या सदस्याच्या दारात सकाळी जाऊन बसत असे, तो सदस्यच आज नाही. बेंगळुरू सातशे किलोमीटरवर आहे. गावात, पारावर, रोज भेटणारा माणूस उरला तो एकच: तुझ्या दुःखाला शेजारचा जबाबदार आहे, असे सांगणारा. या निवडणुका आधी घ्या.