पाहुण्या पेशी आणि घरचे भांडण

‘स्टेम सेलचे इंजेक्शन घेतले की साखर, लकवा, संधिवात सगळे बरे होते म्हणतात, घ्यावे का?’ खोपोली-कर्जतकडच्या घरांतून हल्ली हा प्रश्न येतो. आमचे उत्तर सरळ आहे: दागिने मोडून तर मुळीच नको.

स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, ही थाप नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ पासून बोन मॅरो प्रत्यारोपण होते. आता हा विभाग खारघरला, आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. रक्ताच्या कर्करोगात रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी रिकामी करून भावंडाच्या मूळपेशी शिरेतून देतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अम्मीला धास्ती असते ती देणाऱ्या लेकराची. पण त्याची मज्जा काही आठवड्यांत भरून निघते.

खरी कसोटी पुढे. नव्या पेशींतून नवी रोगप्रतिकारशक्ती उभी राहते आणि कधी कधी हा पाहुणा घरमालकावरच उलटतो. त्वचा, आतडी, यकृत यांवर हल्ला होतो. आधी स्टेरॉइड देतात. काहींना तेही लागू पडत नाही, आणि मग जीवावर बेतते.

इथे दुसऱ्या जातीच्या मूळपेशी कामी येतात. त्या मज्जेत, चरबीत, नाळेतही सापडतात. सूज दिसली की त्या अशी रसायने सोडतात की चवताळलेल्या टी-पेशी शांत होतात. त्या भांडण सोडवतात आणि थोड्याच दिवसांत शरीरातून नाहीशा होतात. घर बांधायला त्या येतच नाहीत, म्हणून दाता जुळवण्याची गरजही सहसा पडत नाही. कॅनडाने २०१२ मध्ये, जपानने २०१५ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये अशा उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेची मान्यता फक्त मुलांसाठी, तीही स्टेरॉइड निकामी ठरल्यावर.

एवढ्या मोजक्या कामासाठी इतकी वर्षे लागली, आणि इकडे एकाच सुईत दहा आजार! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्तविकारांतील प्रत्यारोपण आणि औषध नियंत्रकांनी मान्य केलेली मोजकी उत्पादने सोडून बाकी सारे चाचणीत मोडते, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. तेव्हा कोणी पैसे मागितले, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. बाळंतपणाच्या वेळी नाळेचे रक्त स्वतःच्या बाळासाठी खासगी बँकेत ठेवा म्हणून गळ घालणाऱ्यांनाही परिषदेचा पाठिंबा नाही.