मावशीच्या पाटल्या आणि सावकाराचा परवाना

गेल्या दिवाळीनंतर बऱ्हाणपूरला जाणे झाले. माझी मावशी तिथल्या इतवारा मोहल्ल्यात राहते. निपाणीची ही मुलगी पन्नास वर्षांपूर्वी तिकडे सून म्हणून गेली. माहेरच्या कानडीतला 'बड्डी' एवढाच शब्द आता उरलाय, असे ती नेहमी हसत सांगते. या खेपेस तो शब्द उच्चारताना ती हसली नाही. तिच्या हातात पाटल्या नव्हत्या.

मावसभावाचे यंत्रमाग आहेत. दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून पाटल्या गहाण गेल्या. सावकार रावेरच्या बाजूचा, म्हणजे महाराष्ट्रातला. व्याज महिना शेकडा चार. पावती म्हणून वहीच्या पानाचा तुकडा. त्यावर आकडा आणि तारीख, पण सावकाराचे नाव नाही, परवान्याचा क्रमांक नाही, दागिन्याचे वजनही नाही. वर्षभराने पैसे घेऊन गेला, तर "हिशेब अजून बाकी आहे" असे उत्तर मिळाले.

"दादा, तक्रार कुठं करायची? आम्ही मध्य प्रदेशचे, तो महाराष्ट्राचा," भाऊ म्हणाला.

वाचकहो, हा प्रश्न आपलाही आहे. निपाणीचा माणूस कागलला कर्ज काढतो, कागलचा निपाणीला. सावकारी हा घटनेने राज्यांकडे दिलेला विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मध्य प्रदेशात 1934 चा, कर्नाटकात 1961 चा आणि महाराष्ट्रात 2014 चा. व्यवहार जिथे झाला, तिथले दार ठोठवायचे. पाटल्या रावेरकडे दिल्या, तेव्हा अर्जही तिकडेच.

महाराष्ट्रात हे काम सहकार खात्याकडे आहे. परवाना हवा असलेला सावकार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करतो. ते चौकशी करून अहवाल पाठवतात आणि जिल्हा निबंधक परवाना देतात. तो 31 मार्चपर्यंतच चालतो आणि ठरलेल्या क्षेत्रापुरताच असतो. ही क्षेत्राची अट किती महत्त्वाची, ते 2015 साली दिसले. सावकारी कर्जमाफी जाहीर झाली, पण सावकाराने आपल्या क्षेत्राबाहेर दिलेली कर्जे तिच्यात बसेनात आणि शेतकरी अडकून पडले.

व्याजही सावकाराच्या मर्जीचे नाही. 2014 मध्ये सरकारने दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12. इतरांना तारणावर 15, विनातारण 18. चक्रवाढ नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही. माझा भाऊ वर्षाला 48 टक्के भरत होता!

निबंधकांचे अधिकार मोठे आहेत. ते सावकाराच्या जागेची झडती घेऊ शकतात, वह्या जप्त करू शकतात. बिनपरवाना सावकाराकडचे तारण कर्जदाराला परत देण्याचा आदेश काढू शकतात. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीनसुद्धा, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा निबंधक परत देऊ शकतात. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड आहे.

कर्नाटकाने 2025 मध्ये छोट्या कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध आणखी कडक कायदा केला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले. सोनेतारण अशा कंपनीकडे असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, हा मार्ग.

एवढे सगळे सांगूनही भाऊ कचरत होता. "लोक काय म्हणतील? घरातलं गहाण पडलं, हे गावभर होईल." अखेर मावशीच म्हणाली, "हात रिकामे दिसतातच की सगळ्यांना. लिही तू."

रात्री ओट्यावर बसून आम्ही साधा अर्ज लिहिला. कर्ज कधी घेतले, किती घेतले, किती फेडले, पाटल्या कशा दिसतात, देताना सोबत कोण होते. चिठ्ठीची झेरॉक्स जोडली. लग्नातल्या एका फोटोत मावशीच्या हातात त्याच पाटल्या दिसतात, तो फोटोही जोडला. दुसऱ्या दिवशी अर्ज देऊन प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. चौकशी चालू आहे. पाटल्या अजून आलेल्या नाहीत.

आपल्या घरी असा प्रसंग आला, तर दागिना हातातून काढण्याआधी तीन गोष्टी मागा: परवाना, त्यावरचे क्षेत्र आणि वजनासकट सही असलेली पावती. सावकार ओळखीचा असला तरी मागा. माझ्या भावाचा सावकारही ओळखीचाच होता.